थर्ड सेक्रेटरी मोठा की फर्स्ट? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात ‘कारकीर्द’ या चौकटीत सर पॉल गोअर-बूथ या ब्रिटिश मुत्सद्द्याची छोटी नोंद छापली होती. ती अशी : जन्म १९०९. १९३३ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र सेवेत दाखल. पुढे व्हिएन्ना, टोकियो, वॉशिंग्टन. १९५३ ते १९५६ ब्रह्मदेशात राजदूत. १९५६ ते १९६० लंडनमध्ये डेप्युटी अंडर-सेक्रेटरी. १९६० ते १९६५ दिल्लीत उच्चायुक्त. १९६५ ते १९६९ पर्मनंट अंडर-सेक्रेटरी. साठाव्या वर्षी निवृत्त.

या नोंदीवर खानदेशातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (जळगाव) : आमच्या महाविद्यालयात एका निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठरलं आहे. त्यांच्या परिचयपत्रात थर्ड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, कौन्सेलर, मिनिस्टर अशी पदं आहेत. मराठीत आणताना सगळा गोंधळ होतो. मोठं पद कोणतं?

उत्तर : रेल्वेच्या जुन्या वर्गांसारखं मोजा. थर्ड खालचा, फर्स्ट वरचा. नवा भरती झालेला अधिकारी थर्ड सेक्रेटरी असतो. तिथून सेकंड, मग फर्स्ट सेक्रेटरी, मग कौन्सेलर, मग मोठ्या वकिलातींत मिनिस्टर आणि सर्वांत वर राजदूत किंवा उच्चायुक्त.

भाषांतरात चार ठिकाणी हमखास पाय घसरतो. ‘सेक्रेटरी’ला सचिव म्हटलं की वाचकाला मंत्रालयातला सचिव दिसतो, आणि पंचविशीतला थर्ड सेक्रेटरी एकदम ‘तिसरा सचिव’ होऊन बसतो. ‘कौन्सेलर’चा नगरपालिकेतल्या कौन्सिलरशी संबंध नाही आणि समुपदेशकाशीही नाही. तो वकिलातीतला वरिष्ठ अधिकारी असतो, बहुधा राजकीय किंवा व्यापार विभागाचा प्रमुख. ‘मिनिस्टर’ तर सर्वांत फसवा. वकिलातीतला मिनिस्टर हा नोकरीतला अधिकारी असतो, त्याला मंत्री म्हणून छापलं की पाहुणे अवघडतात. चौथी जागा लंडनमधल्या पदांची. ब्रिटनचा ‘फॉरिन सेक्रेटरी’ हा राजकीय मंत्री. आपल्याकडचा ‘फॉरिन सेक्रेटरी’ हा सेवेतला अधिकारी. आपल्या परराष्ट्र सचिवाच्या तोडीचं ब्रिटिश पद म्हणजे पर्मनंट अंडर-सेक्रेटरी. शब्दाला शब्द ठेवला तर ते ‘कायम उपसचिव’ होतं आणि खात्याचा सर्वोच्च अधिकारी कारकुनाच्या रांगेत जाऊन बसतो. गोअर-बूथ १९६५ नंतर त्या खुर्चीवर होते. आमचा सल्ला साधा आहे : ही पदनामं देवनागरीत जशीच्या तशी ठेवा आणि शेजारी अर्ध्या ओळीत काम लिहा.

आता परिचयपत्र वाचायचं कसं, तेही सांगतो. पदं वाचू नका, सालं वाचा. एका ठिकाणची नेमणूक साधारण तीन-चार वर्षांची असते, कारण त्याहून जास्त राहिलेला माणूस तिथलाच होऊन जातो आणि आपल्या सरकारऐवजी यजमानांची बाजू मांडायला लागतो, ही जगभरच्या परराष्ट्र खात्यांची जुनी धास्ती. म्हणून एखादं साल चुकीच्या ठिकाणी तुटलेलं दिसलं की तिथे थांबा. गोअर-बूथ टोकियोत १९३८ ते १९४२. का संपली ती नेमणूक १९४२ मध्ये? डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, ब्रिटिश वकिलातीतली माणसं आवारातच अडकली आणि दोन्ही बाजूंच्या मुत्सद्द्यांची अदलाबदल झाल्यावर सुटली. परिचयपत्रात यातलं अक्षर नसतं, फक्त एक साल असतं.

दिल्लीची पाच वर्षंही अशीच उलगडून पाहा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनचं युद्ध. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात, ब्रिटन आणि अमेरिकेच्या आग्रहामुळे, काश्मीरवर भारत-पाकिस्तान चर्चेच्या सहा फेऱ्या, निष्पन्न काहीच नाही. मे १९६४ मध्ये नेहरूंचं निधन. व्याख्यात्याला प्रश्न विचारायचे असतील तर असे सालावर बोट ठेवून विचारा. ‘आपला भारतातला अनुभव कसा होता?’ या प्रश्नाला ‘फार छान’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

प्रश्न (अमळनेर) : एकच माणूस रंगूनला राजदूत आणि दिल्लीला उच्चायुक्त, हे पदावनत झाल्यासारखं नाही का?

उत्तर : नाही. दोन्ही पदांचा दर्जा एकच. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे पाठवतात तो उच्चायुक्त, बाकी सगळीकडे राजदूत. ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि राष्ट्रकुलात आलाच नाही, म्हणून रंगूनला राजदूत. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, म्हणून दिल्लीला उच्चायुक्त. मुंबईत असतो तो उपउच्चायुक्त. त्याला ‘ब्रिटनचे राजदूत’ म्हणणं ही आपल्या वर्तमानपत्रांची नेहमीची चूक.

१९६५ च्या आधी ही दोन पदं दोन वेगळ्या खात्यांकडे होती. रंगूनचा कारभार फॉरिन ऑफिसकडे, दिल्लीचा कॉमनवेल्थ रिलेशन्स ऑफिसकडे. १ जानेवारी १९६५ रोजी दोन्हीकडच्या नोकऱ्या एकत्र होऊन सध्याची डिप्लोमॅटिक सर्व्हिस झाली, १९६८ मध्ये खातीही एक झाली. जुने कागद शोधणाऱ्यांना ही वाटणी पुढे उपयोगी पडेल.

प्रश्न (चाळीसगाव) : कन्नडला जाताना आम्ही औट्रम घाट चढतो. हा औट्रम मुत्सद्दी होता असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो लष्करी अधिकारी. आमच्या घरात यावरून वादच आहे. आजी विचारते, ‘हाऊ माणूस शिपाई व्हता का वकील?’

उत्तर : आजींनी शब्द अचूक वापरला आहे. जुन्या मराठीत परक्या दरबारी आपली बाजू मांडणारा तो वकील, आणि त्याचं ठाणं ती वकिलात. कोर्टातला वकील नंतरचा. पेशव्यांचे वकील हैदराबादेत, दिल्लीत बसून पत्रं पाठवत आणि शेवटी ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’ लिहून संपवत. ब्रिटिश राजदूताच्या औपचारिक खलित्याचा शेवटही ‘मोठ्या सत्यतेने आणि आदराने, आपला आज्ञाधारक सेवक’ अशाच ठरीव साच्यात होत असे. धंदा एकच, साचे दोन.

जेम्स औट्रम दोन्ही होता, आणि हे त्या काळी नवल नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेतले तरुण अधिकारी काढून ‘पोलिटिकल’ कामाला लावत असे. असा अधिकारी संस्थानिकाच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसायचा : छोट्या जागी पोलिटिकल एजंट, मोठ्या दरबारात रेसिडेंट. लष्करातला हुद्दा कायम राहायचा, काम मात्र वकिलाचं. खानदेशात हा प्रकार औट्रमच्याही आधीचा आहे. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांकडून खानदेश कंपनीकडे गेला आणि इथे पोलिटिकल एजंट म्हणून आला कॅप्टन जॉन ब्रिग्ज. धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं ते त्याने. हा ब्रिग्ज त्याआधी १८१० मध्ये कंपनीचा दूत माल्कम याच्या शिष्टमंडळाबरोबर इराणला जाऊन आला होता, आणि खानदेशानंतर सातारा आणि नागपूर इथे रेसिडेंट झाला.

औट्रमचा जन्म १८०३ चा. १८१९ मध्ये तो भारतात आला, १८२५ मध्ये खानदेशात. वय बावीस. काम होतं भिल्लांची पलटण उभारायचं, ठाणं धरणगाव. कंपनीच्या कागदांत भिल्लांना सरसकट लुटारू म्हटलेलं आहे. पण गावच्या राखणीचे आणि घाटांवरच्या वसुलीचे त्यांचे पूर्वापार हक्क धामधुमीच्या काळात बुडाले होते, हे कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने नुसत्या मोहिमा थांबवून जमीन, तगाई आणि नोकरी देण्याचं धोरण धरलं. औट्रमने आधी जंगलात चढाई केली, मग पकडलेल्यांमार्फत नाईकांशी बोलणं लावलं, विनापहारा त्यांच्यात जाऊन राहिला आणि मोजकी माणसं घेऊन पलटणीची सुरुवात केली. शिकारीचं वेड दोन्ही बाजूंना होतं, त्याचा उपयोग झाला. तरी चित्र गोड करू नका. १८३० मध्ये डांगावर फौज घेऊन गेलेलाही तोच.

१८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला आणि गुजरातेत महीकांठा इथे पोलिटिकल एजंट झाला. पुढे सिंध. तिथे अमिरांशी बोलणी करणारा हा, आणि फौज घेऊन आलेला चार्ल्स नेपियर. नेपियरला सिंध जिंकायचा होता, औट्रमला तहावर भागवायचं होतं. फेब्रुवारी १८४३ मध्ये सिंधमधल्या हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा आतून लढणारा औट्रमच होता. तरीही सिंध खालसा करणं अन्यायाचं होतं हे मत त्याने सोडलं नाही आणि विजयाच्या लुटीतला स्वतःचा वाटा दानधर्मात दिला.

मग १८४५ मध्ये सातारा, १८४७ मध्ये बडोदे. बडोद्याचं प्रकरण मराठी वाचकाने मुद्दाम वाचावं. दरबारात असा समज पसरला होता की मुंबई सरकारातले साहेब पैसे चारून फिरवता येतात. या कारस्थानाला तिथे शब्द होता ‘खटपट’. औट्रमने १८५१ मध्ये त्यावर लांबलचक अहवाल पाठवला आणि हा आपला शब्द जसाच्या तसा इंग्रजी सरकारी छापील कागदांत गेला. मुंबई सरकारला आरशात पाहणं मानवलं नाही. बडोद्याहून उचलबांगडी झाली ती औट्रमची. पुढे १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला थोडे दिवस त्याच जागी परत बसवलं.

नंतर लखनौचा रेसिडेंट म्हणून फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा हुकूम नवाबापुढे ठेवणारा हाच माणूस. सिंधबद्दलचं त्याचं मत आठवून पाहिलं तर हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. १८५७ मध्ये इराणच्या मोहिमेचा सेनापती झाला तेव्हा बोलणी करण्याचे अधिकारही त्याच्याकडेच होते. ४ मार्चला पॅरिसमध्ये तह झाला, पण ती बातमी इराणच्या आखातात पोचायला आठवडे लागले. दरम्यान २६ मार्चला औट्रमने मोहमरा हे इराणी शहर घेतलं. त्या काळच्या दूताला एवढी मोकळीक का असायची, याचं उत्तर या बावीस दिवसांत आहे : वरून विचारून घेण्याची सोयच नव्हती.

१८६३ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला. दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत. आजींना सांगा : पगार शिपायाचा, काम वकिलाचं.

प्रश्न (शहादा, विद्यार्थिनी) : मला ब्रिटिश परराष्ट्र सेवेत नोकरी मिळू शकते का? नसेल तर जवळचा रस्ता कोणता?

उत्तर : त्या सेवेत ब्रिटिश नागरिकच घेतात आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे ते दार बंद. उरतात तीन रस्ते.

पहिला आपल्या भारतीय परराष्ट्र सेवेचा. त्याला वेगळी परीक्षा नाही, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षाच द्यायची. कोणत्याही शाखेची पदवी. वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा प्रयत्न. ओबीसींना वय ३५ पर्यंत, नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींना वय ३७ पर्यंत, प्रयत्नांची मर्यादा नाही. पूर्वपरीक्षेत दोनशे गुणांचे दोन पेपर. दुसऱ्यात ३३ टक्के मिळाले की पुरे, निवड पहिल्यावर. पण गणिताचा कंटाळा करून या दुसऱ्याच पेपरात अडकणारी हुशार मुलं दरवर्षी असतात. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. सेवांचा पसंतिक्रम भरताना परराष्ट्र सेवा खरंच हवी असेल तर वर लिहा. घरच्यांच्या आग्रहाने ती खाली टाकली तर गुण असूनही हातची जाते. निवडीनंतर मसुरी, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. एक परकी भाषा सक्तीची, तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पहिली परदेशी नेमणूक थर्ड सेक्रेटरी म्हणून. वरचं जळगावचं उत्तर तुम्हालाही लागू.

दुसरा रस्ता ब्रिटिश कचेऱ्यांतल्या स्थानिक नोकऱ्यांचा. दिल्लीचा उच्चायोग आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला उपउच्चायोग इथे व्यापार, राजकीय घडामोडी, प्रसिद्धी, कॉन्सुलर मदत अशा कामांसाठी भारतीय माणसं घेतात. पगार, पद चांगलं, पण बदली होऊन राजदूत होण्याची वाट त्यात नाही. मुलाखतीत नुसतं इंग्रजी तपासत नाहीत. महाराष्ट्रातलं शेती, कापूस, केळी, पाणी यांचं राजकारण दोन पानांत नेटकं मांडता येतं का ते पाहतात. खानदेशातून येणाऱ्याला इथे खरं तर फायदा असतो, फक्त तो कागदावर दाखवता यायला हवा.

तिसरा, चेव्हनिंग शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारच्या खर्चाने तिथे एक वर्षाची मास्टर्स. पदवी आणि किमान २८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. अर्जात तीन अभ्यासक्रम निवडायचे, पण विद्यापीठाकडे प्रवेशाचा अर्ज स्वतः वेगळा करायचा. हे विसरल्याने निवड होऊनही प्रवेशपत्राअभावी लोक अडकतात. शिक्षणानंतर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे.

प्रश्न (फैजपूर) : निमंत्रणपत्रिकेवर अशा पाहुण्यांचं नाव कसं छापावं? ‘हिज एक्सलन्सी’ लिहावं का?

उत्तर : निवृत्तांना नको. ते संबोधन खुर्चीचं असतं, खुर्ची सुटली की तेही सुटतं. ‘सर’ ही पदवी असेल तर ती पहिल्या नावाला लागते : ‘सर पॉल’ किंवा ‘सर पॉल गोअर-बूथ’. ‘सर गोअर-बूथ’ हे चूक. स्त्रियांना ‘डेम’, तोच नियम. नावापुढे केसीएमजी किंवा जीसीएमजी ही सन्मानाची आद्याक्षरं असतील तर सर. नुसतं सीएमजी, सीबीई, ओबीई असेल तर साधं श्री. किंवा श्रीमती. सीएमजी आणि त्याचे वरचे दोन वर्ग १८१८ मध्ये सुरू झालेल्या सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज या सन्मानाचे, मुत्सद्द्यांना सहसा हाच मिळतो. लंडनच्या कचेरीत या आद्याक्षरांचा जुना विनोद आहे : सीएमजी म्हणजे ‘मला देव म्हणा’, केसीएमजी ‘कृपया मला देव म्हणा’, आणि जीसीएमजी ‘देवच मला देव म्हणतो’.

पत्रिकेवर ओळ अशी हवी : ‘सर अमुक अमुक, भारतातील माजी ब्रिटिश उच्चायुक्त’. ‘भारताचे माजी उच्चायुक्त’ असं छापलं तर ते आपल्याच देशाचे होतात. आणि दुभाषी ठेवणार असाल तर चाळीस मिनिटांच्या भाषणाला ऐंशी मिनिटं धरा. नाहीतर आभारप्रदर्शनात जेवण थंड होतं.

प्रश्न (भुसावळ) : निवृत्तीनंतर हे लोक कंपन्यांत जातात, पुस्तकं लिहितात. गुपितं फुटत नाहीत का?

उत्तर : वरिष्ठांना सेवा सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत नवी नोकरी घेताना परवानगी लागते. गुपितांचा १९८९ चा कायदा मात्र जन्मभर मागे असतो, आणि पुस्तकाचं हस्तलिखित आधी खात्याला दाखवावं लागतं. वॉशिंग्टनला १९९७ ते २००३ राजदूत असलेल्या ख्रिस्तोफर मेयर यांनी २००५ मध्ये आठवणी छापल्या तेव्हा मंत्र्यांची खासगी वर्णनं वाचून मोठं काहूर उठलं आणि नियम कडक झाले. जाता जाता राजदूताने मन मोकळं करणारा निरोपाचा खलिता लिहायचा, अशीही प्रथा होती. निकोलस हेंडरसन यांचा पॅरिसहून लिहिलेला १९७९ चा खलिता, ब्रिटनच्या घसरणीवरचा, बाहेर फुटला आणि छापूनही आला. ही प्रथा २००६ मध्ये बंद केली. आमच्या मते खात्याने यात स्वतःचंच नुकसान केलं. हेंडरसन निवृत्त झाले होते, तरी सरकारने त्याच वर्षी त्यांना परत बोलावून वॉशिंग्टनला पाठवलं.

प्रश्न (धुळे) : या लोकांचे मूळ कागद पाहायचे असतील तर कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आधी काळ ठरवा, त्यावर गाव ठरतं.

ब्रिग्ज-औट्रमच्या काळासाठी मुंबईचं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे पोलिटिकल आणि रेव्हेन्यू या दोन खात्यांच्या खंडांच्या याद्या मागा, भिल्लांचा मजकूर दोन्हीकडे विखुरलेला असतो. सोबत ओळखपत्र, संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज आणि जमल्यास महाविद्यालयाचं पत्र ठेवा. याच कागदांच्या लंडनला गेलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मराठी बाजूसाठी गावाबाहेर जायची गरज नाही. तुमच्याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून. मोडी वाचता येत नसेल तर आधी ते शिका, तोवर छापील साधनांवर भागवा.

१९४७ नंतरच्या मुत्सद्द्यांसाठी लंडनजवळ क्यू इथलं राष्ट्रीय पुराभिलेखागार. इथे वर सांगितलेली खात्यांची वाटणी कामी येते. गोअर-बूथ यांचे रंगूनचे कागद ‘एफओ ३७१’ या मालिकेत शोधायचे, दिल्लीचे ‘डीओ १९६’ आणि ‘डीओ १३३’ मध्ये. दिल्लीचे कागद ‘एफओ’मध्ये शोधत बसलात तर दिवस फुकट जातो. फायली पूर्वी तीस वर्षांनी उघडत, आता वीस. वाचकाचं ओळखपत्र काढायला नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे लागतात. स्वतःच्या फोनने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून जाण्याआधी घरूनच ऑनलाइन सूचीतून फाइल क्रमांक उतरवून न्या.

शोध लागत नाही याचं नेहमीचं कारण स्पेलिंग. आजच्या स्पेलिंगने खानदेश शोधलात तर थोडंच मिळेल. जुन्या कागदांत तो ‘सी-ए-एन-डी-ई-आय-एस-एच’ असा आहे. धुळे ‘डी-एच-डबल ओ-एल-आय-ए’. भिल्ल ‘बी-एच-डबल ई-एल’. धरणगावचं तर कारकुनागणिक वेगळं, म्हणून तिथे पहिली तीन अक्षरं लिहून पुढे चांदणीचं चिन्ह लावा, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारी रूपं सूची स्वतः काढून देते.